एकट्याने डोंगर-वाळवंटातली मोटरसायकल मोहीम: आधी परतीचा हिशेब

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: हमरस्त्यावर मोटरसायकल भरपूर चालवलेली आहे, साडेतीनशे-चारशे सीसीची गाडी आहे आणि आता तीन-चार आठवडे एकट्याने उंच डोंगर आणि वाळवंट अशा दोन्ही मुलखांतून जायचं आहे. हीच गाडी चालेल का, पेट्रोल-पाणी किती धरायचं, आणि मुळात एकट्याने जाणं हा वेडेपणा आहे का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो. वेडेपणा अजिबात नाही. पण एकट्याच्या मोहिमेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. सोबत कोणी असलं की एकाची चूक दुसरा सावरतो. गाडी नाल्यात आडवी झाली तर दोघं मिळून ओढतात, एकाची टाकी आटली तर दुसऱ्याच्या टाकीतून नळी लावतात, उंचीवर एकाचं डोकं काम करेनासं झालं तर ते दुसऱ्याच्या लक्षात येतं. एकट्याला हा सगळा आधार निघण्याआधीच वजा करावा लागतो. म्हणून मी वाटेतला प्रत्येक निर्णय एका कसोटीवर घासून पाहतो: इथून पुढे गेलो आणि जमलं नाही, तर परत फिरता येईल का? पेट्रोल, पाणी, उजेड, श्वास आणि अंगातली ताकद, प्रत्येकाला हाच प्रश्न विचारायचा. उत्तर 'हो' येतं तोवर रस्ता खराब असला तरी मी जातो. 'नाही' आलं की समोर गुळगुळीत डांबर दिसत असलं तरी थांबतो.

सगळ्यात आधी उंचीबद्दल बोलतो, कारण मोटरसायकलवाले तिला सगळ्यात कमी घाबरतात. पायी चढणाऱ्याला त्याचे पायच सावकाश नेतात. मोटरसायकल मात्र सकाळी नदीकाठी असलेल्या माणसाला दुपारी बर्फाच्या रेषेवर नेऊन ठेवते, आणि शरीराला याचा पत्ता संध्याकाळी लागतो. चिलीत सान पेद्रो दे आताकामा हे गाव साधारण २,४०० मीटरवर आहे. तिथून आर्जेंटिनाच्या दिशेने हामा खिंडीचा रस्ता धरला की पहिल्या पन्नासेक किलोमीटरमध्येच दोन हजार मीटरहून जास्त चढ होतो, म्हणजे तासाभरात. किर्गिझस्तानातलं ओश शहर साधारण हजार मीटरवर, आणि तिथून पुढे ताजिकिस्तानात पामीर महामार्गावरचं काराकुल सरोवर ३,९०० च्या वर. हे अंतर एका दिवसात कापणारे लोक आहेत. आपल्याकडचं उदाहरण मनाली-लेह रस्त्याचं. मनाली सुमारे २,०५० मीटरवर, सरचू ४,२०० च्याही वर, आणि कित्येक जण पहिला मुक्काम थेट सरचूला टाकतात. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा घाट टळला, तिथे लागणारा वेळ वाचला, आणि सरचूला पोचणं आणखी सोपं झालं. रस्ता सुधारला, पण शरीर उंचीला सरावायला लागणारा वेळ तेवढाच राहिला.

गिर्यारोहण वैद्यकात रुळलेला नियम साधा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर हजार मीटरला एक रात्र जादा त्याच उंचीवर काढायची. महत्त्व झोपायच्या उंचीला आहे. दिवसा पाच हजारांची खिंड ओलांडून पलीकडे खाली उतरून झोपलात तर शरीर ते सहसा सोसतं. म्हणून लेहला पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी नेहमी श्रीनगरकडून चढायला सांगतो. झोजी ला खिंड ३,५०० मीटरच्या आसपास, पुढे कारगिल २,७०० च्या आत, मग लेह ३,५००. मनालीचा रस्ता परतीला ठेवावा, तोवर शरीर सरावलेलं असतं.

लक्षणं पाठ असू द्या. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, थकवा, चक्कर: यातलं काहीही उंचीवर झालं तर कारण उंचीच आहे असं धरून चालायचं आणि बरं वाटेपर्यंत वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यातून फेसाळ थुंकी येत असेल, किंवा टाचेला पंजा लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकता येत नसतील, तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी होण्याची ती खूण आहे. अशा वेळी सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं. एकट्याची खरी पंचाईत इथेच आहे. डोकं बिघडल्याचं त्याच डोक्याला कळत नाही, आणि तोल गेलेल्या माणसाने स्वतः गाडी चालवत उतरणं हा आणखी एक अपघात ठरतो. म्हणून नव्या उंचीवरचा पहिला मुक्काम माणसं असतील तिथेच करा, एकाकी तंबूत नको. मुक्कामाच्या घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा: 'मी पहिल्यांदाच इतक्या उंचीवर आलोय, सकाळी सातपर्यंत उठलो नाही तर दार वाजवा.' लोक आनंदाने वाजवतात. ॲसिटाझोलामाइड ही गोळी सरावाला मदत करते, पण ती निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी तर आवर्जून विचारायचं. गोळी घेतली म्हणून चढण्याचा वेग मात्र वाढवायचा नाही.

हवा विरळ झाल्याचा त्रास इंजिनालाही होतो. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. ढोबळ मानाने दर ३०० मीटरला इंजिनाची ३ टक्के ताकद जाते, म्हणजे साडेचार हजारांवर तुमची चारशे सीसीची गाडी अडीचशेच्या गाडीसारखी ओढते. इंधन इंजेक्शनची गाडी हवेचा दाब मोजून पेट्रोल कमी करते, त्यामुळे ती घुसमटत नाही, पण गेलेली ताकद तिलाही परत मिळत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल तेवढंच राहतं आणि हवा कमी पडते. काळा धूर, काळवंडलेला प्लग आणि चढावर गुदमरणं ही त्याची लक्षणं. बरेच दिवस उंचीवर राहणार असाल तर एक-दोन नंबर लहान मेन जेट (कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा भाग) सोबत ठेवा, आणि खाली उतरताच मूळ जेट परत बसवा, नाहीतर सपाटीवर पेट्रोल कमी पडून इंजिन तापेल. उंचीवर कमी ऑक्टेनचं पेट्रोल मिळालं तर फार घाबरू नका. सिलिंडरातला दाबच कमी असल्याने तिथे इंजिन सहसा ठोकत नाही, म्हणजे आतून टकटक आवाज करत नाही. तेच पेट्रोल टाकीत घेऊन तापलेल्या वाळवंटात उतरलात तर मात्र ठोकेल, तिथे रेस हलक्या हाताने द्या.

आता पेट्रोलचा हिशेब. गाडी हमरस्त्यावर लिटरला २८ किलोमीटर देते आणि टाकी १४ लिटरची आहे असं धरू. कागदावर ३९० किलोमीटर होतात. चढ, वाळू, समोरचा वारा आणि दिवसभर पहिला-दुसरा गिअर यात मी सरळ एक तृतीयांश वजा करतो. राहिले २६०. त्यातले ५० मी कधीच मोजत नाही, ते वाट चुकण्यासाठी. मनाली-लेह रस्त्यावर लाहौलमध्ये तांदीच्या पेट्रोल पंपावरचा फलक प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तेवढं अंतर अधिक राखीव ५० म्हणजे ४१५ किलोमीटर, त्याला एक तृतीयांश घटलेल्या सरासरीने २२ लिटर लागतात. टाकीबाहेर आठ लिटर वाहून न्यायचे. दरम्यान कुठे नवा पंप झाला असेल, कुठे बाटलीतून पेट्रोल विकत असतील, पण ऐकीव पंप हिशेबात धरायचा नाही. तो लागला तर नफा.

हाच हिशेब उलटही मांडायचा. वाटेवर पुढे पेट्रोल आहे की नाही याचीच खात्री नसेल तर २६० मधून ५० वजा करून उरलेल्याचं निम्मं, म्हणजे १०५ किलोमीटर, हा तुमचा थांबून विचार करायचा बिंदू. निघताना ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि टाकीवर चिकटपट्टी लावून त्यावर हा आकडा लिहा. पेट्रोल पाण्याच्या बाटल्यांत नेऊ नका, इंधनासाठीच बनवलेला डबा घ्या, आणि तो गळ्यापर्यंत भरू नका. उष्णतेने पेट्रोल फुगतं, उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो आणि डबा ताणला जातो. झाकण उघडताना हळूहळू फिरवून आधी वाफ जाऊ द्या. पिंपातलं पेट्रोल घ्यायची वेळ आली तर बारीक जाळीतून गाळून घ्या. इंजेक्शनच्या पंपाला कचरा आणि पाणी अजिबात चालत नाही.

पर्वतातल्या नाल्यांचं घड्याळ ओळखायला शिका. हिमनदीचं पाणी उन्हाबरोबर वाढतं. पहाटे घोट्यापर्यंत असलेला प्रवाह दुपारी चारला मांडीपर्यंत चढतो आणि रात्रीच्या गारठ्याने पुन्हा उतरतो. म्हणून दुपारी भरलेल्या नाल्यासमोर पोचलात तर अलीकडेच मुक्काम करून पहाटे ओलांडणं हा उत्तम निर्णय आहे. ओलांडण्याआधी बूट घालूनच पायी चालून पाहा. ज्या पाण्यात तुम्हाला उभं राहणं जड जातं त्यात भरलेली गाडी घालायची नाही. तळ नीट दिसत नसेल, दगड डोक्याएवढे असतील तर गाडीवर बसून शौर्य दाखवण्यापेक्षा सामान आधी हातांनी पलीकडे नेऊन ठेवा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर बाजूने चालत न्या. अशा वेळी तुम्ही प्रवाहाच्या वरच्या अंगाला राहायचं. खालच्या अंगाला राहिलात तर पाणी गाडी तुमच्यावर ढकलतं. गाडी पाण्यात बुडून बंद पडली तर स्टार्टरचं बटण दाबू नका. सिलिंडरात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मोहीम तिथेच संपते. आधी प्लग काढा, मग इंजिन फिरवून पाणी उडवून टाका, एअर फिल्टर पिळून वाळवा, आणि ऑइल दुधाळ झालंय का पाहा. दुधाळ असेल तर बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कोरड्या प्रदेशातल्या कोरड्या नाल्यांवरही विश्वास ठेवू नका. लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, तरी ऑगस्ट २०१० मध्ये तिथल्याच ढगफुटीने वस्त्या वाहून गेल्या. उघड्या बोडक्या डोंगरावर पाणी मुरायला मातीच नसते. आकाश तुमच्या डोक्यावर निळंभोर असतानाही वीस किलोमीटरवरच्या पावसाचा लोंढा येऊ शकतो. नाल्याच्या पात्रातली सपाट मऊ जागा तंबूला कितीही मोहक वाटली तरी तंबू काठावर, उंचवट्यावरच लावायचा.

वाळवंट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टेकड्याच टेकड्या येतात. प्रत्यक्षात जगातल्या वाळवंटांचा साधारण पाचवा हिस्साच वाळूने झाकलेला आहे. बाकीचं खडी, खडक, मिठागर आणि कडक माती. त्यामुळे थर, गोबी किंवा आताकामा, तुमचे बहुतेक दिवस खडीवर आणि आडव्या सरींच्या कच्च्या रस्त्यावर जातील. या सरी गाडीला आतून खिळखिळं करतात. दिवसभराच्या थरथरीने नंबर प्लेट, सायलेन्सरचे बोल्ट, लगेज रॅकचे जोड, हँडलचे नट सैल होतात. निघण्याआधी महत्त्वाच्या बोल्टना लॉकिंगचा द्रव लावा आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून जोडापर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवा. संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात नुसती नजर फिरवली तरी कुठली रेघ सरकली ते कळतं. माझ्या अनुभवात या पाच मिनिटांनी जेवढे बिघाड टळले तेवढे कुठल्याच महागड्या सुट्या भागाने टळले नाहीत.

खरी वाळू लागली की आधी थांबा आणि टायरची हवा कमी करा. तीस पीएसआयवर असाल तर अठराच्या आसपास आणा. टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. ट्यूबचे टायर असतील तर याहून खाली जाताना जपून, कारण टायर रिमवर सरकला तर ट्यूबचा वॉल्व्ह उपटतो. हवा कमी केल्यावर वेग आणि दगड दोन्ही टाळायचे, नाहीतर रिमला पोचा पडतो, आणि कडक रस्ता लागताच पुन्हा हवा भरायची. म्हणून पंप सामानाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवा. पंप काढायचा कंटाळा आला म्हणून हवा कमी न करता वाळूत घुसणं, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

वाळूत गाडी सरळ जात नाही, ती डुलत जाते, आणि तिला डुलू द्यायचं असतं. पाय ठेवायच्या दांड्यांवर (फूटपेगवर) उभे राहा, गुडघ्यांनी टाकी धरा, हँडलवरची पकड सैल सोडा, वजन थोडं मागे न्या आणि नजर तीस-चाळीस मीटर पुढे. नवशिका पुढच्या चाकाकडे पाहतो, घाबरून रेस सोडतो, आणि रेस सोडताच पुढचं चाक वाळूत रुततं. डुलणं वाढलं की किंचित रेस वाढवायची, हे मनाला पटायला वेळ लागतो. पुढचा ब्रेक विसरा. थांबायचं तर रेस हळूहळू कमी करा, वाळू स्वतःच थांबवते, आणि शक्य तिथे उताराकडे तोंड करून थांबा, म्हणजे पुन्हा निघणं सोपं जातं. पहाटेची वाळू गार आणि थोडी दमट असते, दुपारपेक्षा बरीच घट्ट लागते. टेकडीची वाऱ्याकडची बाजू मंद चढाची आणि कडक, पलीकडची साधारण ३०-३४ अंशांची घसरडी आणि मऊ. एकट्याने, न पाहता, वेगात माथा कधीही ओलांडू नका. मागचं चाक रुतलं की रेस देत राहिल्याने चाक आसापर्यंत खाली जातं. लगेच थांबा, उतरा, गाडी एका बाजूला आडवी करा, चाकाने केलेला खड्डा पायाने भरा, गाडी उभी करा, आणि बाजूने चालत हलक्या रेसवर बाहेर काढा. मिठागरात पांढरा कोरडा पापुद्रा गाडी तोलतो. गडद, ओलसर पट्टा दिसला की तो टाळा, विशेषतः काठाजवळ. आणि त्या संध्याकाळी गोड्या पाण्याने गाडी धुवा, वायरिंगच्या जोडांत मीठ बसलं की काही आठवड्यांनी भलत्याच जागी दिवे बंद पडू लागतात.

उष्णतेबद्दल एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. हवा त्वचेपेक्षा गार असते तोवर वारा अंग थंड करतो. पारा चाळिशीच्या पुढे गेला की तोच वारा अंग तापवतो आणि घाम कातडीला गार करायच्या आत उडवून नेतो. तेव्हा जॅकेट उघडं टाकून चालवण्यापेक्षा आतला सुती सदरा ओला करून वर जॅकेटची चेन बरीचशी लावून घ्या, फटी थोड्याच उघड्या ठेवा. कडक उन्हात तासाला लिटरभर घाम सहज जातो. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ कमी होतं, म्हणून जलसंजीवनीच्या पुड्या सोबत हव्यात. त्या नसतील तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लघवी गडद झाली की तुम्ही आधीच मागे पडलेले आहात. चिडचिड, साध्या बेरजा चुकणं, अंगावर काटा येणं ही लक्षणं दिसली की सावली शोधा. सावली नसेल तर गाडीला कापड बांधून ती तयार करा. पाण्याचे साठे दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे एक पिशवी फुटली तरी दुसरी राहील. आणि गाडी बंद पडली तरी गाडीजवळच थांबा. शोधणाऱ्याला वाळवंटात गाडी दिसते, चालत निघालेला माणूस दिसत नाही.

थंडीचं गणित सोपं आहे. दर हजार मीटरला पारा साधारण साडेसहा अंश उतरतो, आणि शून्य अंशाच्या हवेत ताशी ८० च्या वेगाने जाताना उघड्या कातडीला उणे दहासारखं लागतं. आधी बोटं बधिर होतात, मग ब्रेकची ओढ कळेनाशी होते. हँडलला लावायची हातझाकणं महागड्या हातमोज्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

लांब घाट उतरताना इंजिनावर गाडी रोखा. चढताना जो गिअर लागला असता त्यात उतरा. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं. डीओटी ४ प्रतीचं ताजं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शिरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. तेल उकळलं की ब्रेकचा दांडा सरळ हँडलला टेकतो. वर्षभर बदललं नसेल तर निघण्याआधी बदला.

आता तुमच्या गाडीबद्दल. चालेल, आणि मी तर म्हणेन की एकट्यासाठी मोठ्या गाडीपेक्षा तीच बरी. एकट्याच्या गाडीची पहिली पात्रता म्हणजे ती भरलेल्या सामानासकट तुम्हाला एकट्याला उचलता आली पाहिजे, तेही चार हजार मीटरवर, तिसऱ्यांदा. बाराशे सीसीची अडीचशे किलोची गाडी सपाट डांबरावर सुखाची आहे, पण चिखलात आडवी झाली की ती तुमच्या ताब्यात राहत नाही. सामानासाठी मी कापडी बॅगा सुचवतो. वाळूत किंवा चाकोरीत पाय टेकवला की मागून येणारी ॲल्युमिनियमची पेटी पोटरीवर आदळते, आणि पाय मोडतो. कापडी बॅग तिथे दबते. वजन खाली आणि पुढे ठेवा. उंच बांधलेली बॅग खिंडीतल्या आडव्या वाऱ्यात शिडासारखी काम करते.

हत्यारांची मोठी यादी देत नाही. तुमच्या गाडीला खरंच लागणारे पाने, टायर काढायचे दोन-तीन लिव्हर, पंप, पुढची-मागची ट्यूब (टायर ट्यूबलेस असला तरी, रिम वाकली तर हीच कामी येते), साखळीची जोडकडी, क्लच केबल, क्लच आणि ब्रेकचे जादा दांडे, फ्यूज, प्लग, तार, चिकटपट्टी, दोन भागांचा एपॉक्सी. केबल गाडीतल्या जुन्या केबलला लागूनच बांधून ठेवता येते, म्हणजे जागाही लागत नाही. अट एवढीच की याच पान्यांनी तुम्ही घरी दोन्ही चाकं काढून ट्यूब बदललेली असली पाहिजे. साखळीला वाळवंटात तेल कमी लावा, पुसून कोरडी ठेवा. तेलकट साखळीवर वाळू चिकटते आणि साखळीच्या चक्राचे दात खाते. एअर फिल्टर धुळीच्या दिवसांत रोज संध्याकाळी झटका.

कुणाशी संपर्कात राहायचं, हे एकट्याच्या मोहिमेत सामानाइतकंच महत्त्वाचं आहे. घरच्या किंवा विश्वासातल्या एका व्यक्तीकडे रोजचा मार्ग, मुक्काम आणि दोन वेळा लिहून द्या: अमुक वेळेपर्यंत निरोप नाही आला तर काळजी करायची नाही, आणि अमुक वेळेनंतरही नाही आला तर या क्रमांकांवर फोन करायचा. दुसरी वेळ ठरलेली नसेल तर घरचे एकतर पहिल्याच संध्याकाळी घाबरतात किंवा तीन दिवस गप्प बसतात. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र उत्तम, पण कायदा पाहून. भारतात परवान्याशिवाय उपग्रह फोन किंवा असं संदेशयंत्र बाळगणं गुन्हा आहे आणि ते विमानतळावर सापडून परदेशी प्रवासी अटकेत गेलेले आहेत. प्रत्येक देशाचा नियम आधी तपासा. हेल्मेटवर बाहेरून दिसेल असा रक्तगट आणि फोन क्रमांक चिकटवा, आणि रक्तस्राव थांबवायचा पट्टा जॅकेटच्या खिशात ठेवा. आडव्या झालेल्या गाडीखाली पाय अडकला असेल तर बॅगेत ठेवलेला पट्टा हाताला लागत नाही.

दिवसाचं वेळापत्रक: उजाडताच निघा, दुपारी तीन-चारला थांबा. डोंगरात दुपारनंतर वारा उठतो, नाले चढतात, खिंडीत ढग येतात. कच्च्या डोंगरी रस्त्यावर सरासरी ताशी २५-३० किलोमीटरच धरा, म्हणजे दिवसाला दीडशे-दोनशे. रात्री चालवायचं नाही, यात मी कुठलाच अपवाद ठेवत नाही. सकाळी निघतानाच परत फिरायची वेळ ठरवा आणि पेट्रोलच्या आकड्याखाली त्याच चिकटपट्टीवर लिहा. दुपारी एकला माथा गाठला नाही तर मागे, असं. हा निर्णय सकाळच्या ताज्या डोक्याचा असतो. दुपारी तहानलेलं, दमलेलं डोकं 'आता जवळच आहे' असंच म्हणणार, आणि तिथे त्याला टोकायला दुसरं कोणी नसतं. पाच-सहा दिवसांनी एक दिवस गाडीला हात न लावता काढा. परतीची तारीख घट्ट बांधली असेल तर हे सगळे नियम मोडायची पाळी येते, त्यामुळे तीन आठवड्यांच्या रजेत सतरा दिवसांचाच मार्ग आखा.

एकटेपणाबद्दल लोक हळू आवाजात विचारतात, म्हणून मोकळेपणाने लिहितो. पहिले तीन-चार दिवस जड जातात. संध्याकाळी गाडी बंद केल्यावर कानात नुसती शांतता घुमते, आणि आपण कशाला आलो असं वाटतं. याला घाबरून परत फिरू नका. साधारण आठवडाभरात मन स्थिरावतं. मग गाडीचा बदललेला आवाज, वाऱ्याची फिरलेली दिशा, ढगांचा रंग आपोआप लक्षात येऊ लागतो. घोळक्यात हे कधीच होत नाही. वाटेतली माणसंही एकट्याशी वेगळी वागतात, थांबून विचारपूस करतात, पुढच्या नाल्याची खबर देतात. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला थांबवून रस्ता विचारायची सवय लावा. कालच्या पावसाने पूल गेला की नाही, हे कुठल्याही नकाशाला त्याच्याइतकं ठाऊक नसतं.

निघण्याच्या किमान महिनाभर आधी एक तालीम करा. मोहिमेचं सगळं सामान, पाणी आणि जादा पेट्रोल लादून दोन रात्रींसाठी कच्च्या रस्त्याने कुठेही जा. तिथे मोकळ्या जागेत गाडी मुद्दाम आडवी करा. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधी उघडून ठेवा, गिअर टाकून ठेवा, मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकून बसा, एक हात खालच्या हँडलला आणि एक मागच्या दांडीला, पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर उचला. धाप ओसरू द्या, आणि पुन्हा. तिसऱ्यांदा उचलता आली नाही तर बॅगा उघडा आणि ज्या वस्तूला त्या दोन दिवसांत हात लागला नाही ती बाहेर काढा. मग पुन्हा उचलून पाहा.